विश्लेषण : ‘दमण पासिंग’ गाडी डहाणू-तलासरीत किती दिवस चालवता येते?

तलासरी नाक्यावर किंवा डहाणू स्टेशनबाहेर पाच मिनिटे उभे राहिले, तर एमएच ४८ च्या बरोबरीने जीजे १५, डीडी ०३ आणि जुन्या डीएन ०९ नंबरच्या गाड्या जाताना दिसतात. कोणी उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यात कामाला जातो, कोणी सिल्वासाच्या दुकानातून सामान आणतो, तर कोणी फक्त कर वाचवण्यासाठी पलीकडच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर गाडी घेतलेली असते. या गाड्यांमध्ये जादा बाकडे बसवलेल्या व्हॅन, गावच्या वेल्डरने बांधलेल्या ट्रॉल्या आणि नोंद न केलेले सीएनजी किट लावलेल्या मोटारीही मिसळलेल्या असतात. अशा गाडीची तपासणी कशी होते, तिला इथला नंबर कसा मिळतो आणि तो न घेतल्यास नेमके काय बिघडते, याविषयी.

बाहेरच्या पासिंगच्या गाड्या इथे इतक्या का?

पहिले कारण भूगोल. तलासरी तालुक्यात आच्छाडजवळ राष्ट्रीय महामार्ग ४८ गुजरातमध्ये शिरतो. उधव्याच्या बाजूने निघाले की दादरा-नगर हवेली येते. बोर्डी-झाईच्या किनाऱ्यावर राज्याची हद्द गावाच्या वेशीसारखी आहे. नोकरी, बाजार, सोयरीक आणि दवाखाना हे सगळे हद्दीच्या दोन्ही बाजूंना पसरलेले असताना गाडी मात्र एकाच बाजूची राहील, अशी अपेक्षा करणे कठीण आहे.

दुसरे कारण कर. वाहनकर हा राज्यांचा विषय आहे आणि प्रत्येक राज्याचा दर वेगळा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला ११ टक्के एकरकमी कर लागतो. दहा ते वीस लाखांपर्यंत तो १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के आहे. डिझेल गाडीला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. गुजरातमध्ये वैयक्तिक मोटारीचा दर सहा टक्के आहे. म्हणजे आठ लाखांच्या पेट्रोल मोटारीवर ढोबळमानाने महाराष्ट्रात ८८ हजार आणि गुजरातेत ४८ हजार रुपये भरावे लागतात. चाळीस हजारांचा हा फरक डहाणूतल्या चिकू बागायतदारालाही जाणवतो आणि महिना पंधरा-वीस हजारांवर कारखान्यात राबणाऱ्या तरुणाला तर नक्कीच. दमण आणि सिल्वासा या केंद्रशासित भागातही महाराष्ट्रापेक्षा कमी खर्चात नोंदणी होते, म्हणून ‘दमण पासिंग’ हा शब्द या पट्ट्यात स्वस्त गाडीसाठीच वापरला जातो.

तिसरे कारण जुन्या गाड्यांचा बाजार. वापी-वलसाडकडून दुचाकी, पिकअप आणि व्हॅन स्वस्तात मिळतात. व्यवहार रोखीने होतो, किल्ली आणि आरसी बुक हातात येते, आणि नाव बदलायचे राहून जाते.

कायदा नेमके काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. एका राज्यात केलेली नोंदणी मात्र देशभर वैध असते. त्यामुळे दुसऱ्या राज्याचा नंबर असणे, हा स्वतःहून गुन्हा नाही. दमण पासिंगची गाडी डहाणूत दिसली एवढ्यावरून ती बेकायदा ठरत नाही.

खरी अट कलम ४० मध्ये आहे. ज्या राज्यात मालकाचे राहण्याचे किंवा व्यवसायाचे ठिकाण आहे आणि जिथे गाडी नेहमी ठेवली जाते, त्या राज्यात नोंदणी करायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या राज्यातल्या कोणत्याही नोंदणी अधिकाऱ्याकडे जाता येते. म्हणजे तलासरीचा रहिवासी ठाण्यात किंवा नाशिकमध्ये नोंदणी करू शकतो, पण तिथे घर किंवा धंदा नसताना सिल्वासात करू शकत नाही. मावसभावाच्या भाड्याच्या खोलीचा करारनामा जोडून केलेली नोंदणी ही खोट्या माहितीवरची नोंदणी ठरते. कलम ५५ नुसार ती रद्द होऊ शकते. कलम १९२-ब नुसार खोट्या कागदांवर नोंदणी मिळवणाऱ्या मालकाला सहा महिने ते एक वर्ष कैद आणि वार्षिक कराच्या दहापट किंवा आजीवन कराच्या दोन तृतीयांश, यातील जी जास्त असेल तेवढ्या दंडाची तरतूद आहे. चाळीस हजार वाचवण्यासाठी घेतलेली ही जोखीम आहे, हे गाडी घेताना शोरूममधला विक्रेता सांगत नाही.

बारा महिन्यांचे गणित कसे मोजायचे?

कलम ४७ सांगते की, एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. बदलीवर आलेल्या बँक कर्मचाऱ्यासाठी हा हिशेब सोपा आहे. सामान उतरले त्या दिवसापासून मोजायचे. पण रोज सकाळी सात वाजता सरीगामला जाऊन संध्याकाळी तलासरीत परतणाऱ्या माणसाची गाडी कोणत्या राज्यात ‘ठेवलेली’ आहे?

कायदा लिहिताना हद्द ही आयुष्यात एकदा-दोनदा ओलांडायची गोष्ट मानलेली आहे. या पट्ट्यात ती दिवसातून दोनदा ओलांडली जाते. त्यामुळे वाद झाला की बाजू मांडण्याचा भार गाडीवाल्यावरच येतो. टोलच्या नोंदी, फास्टॅगचा तपशील, कारखान्याचे ओळखपत्र, गाडी खरेदीची पावती, पलीकडच्या घराचे वीजबिल हे कागद अशा वेळी उपयोगी पडतात. गाडी खरोखरच पलीकडच्या घरी किंवा धंद्याच्या जागी ठेवली जात असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र रात्री ती रोज डहाणूच्या अंगणात उभी राहत असेल, तर वर्षभरानंतर नंबर बदलणे हाच सरळ मार्ग आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बारा महिन्यांची मुभा नवा नंबर घेण्यापुरती आहे. विमा, पीयूसी, योग्यता प्रमाणपत्र आणि परवाना यांना ती लागू नाही. गाडी विकत घेतली असेल तर तिच्या नाव-बदलाची मुदतही वेगळी आणि बरीच कमी आहे.

बीएच मालिकेचा उपयोग होईल का?

राज्य बदलताना होणारा त्रास टाळण्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये ‘बीएच’ म्हणजे भारत मालिका सुरू केली. दर दोन वर्षांचा कर भरायचा आणि देशात कुठेही तोच नंबर वापरायचा. पण ही सोय संरक्षण दलांतील, केंद्र व राज्य सरकारी, सार्वजनिक उपक्रमांतील आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांतील कर्मचाऱ्यांनाच मिळते. सरीगामच्या एकाच कारखान्यात कंत्राटावर असलेल्या कामगाराला, बोर्डीच्या बागायतदाराला किंवा झाईच्या मासळी व्यापाऱ्याला ती मिळत नाही. रोज दोन राज्यांत वावरणारा माणूस या योजनेच्या बाहेर आहे आणि पाच वर्षांतून एकदा बदली होणारा आत.

इथला नंबर घेण्याची प्रक्रिया कशी असते?

पहिला टप्पा मूळ आरटीओचा. तिथून ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी, घ्यावी लागते. त्यासाठी नमुना २८ भरायचा. त्याआधी थकीत कर आणि ई-चलनाचे दंड भरलेले हवेत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची किंवा फायनान्स कंपनीची संमती लागते. गाडी चोरीची नाही याची खातरजमा होते. कलम ४८ मधली एक तरतूद फारशी कोणाला माहीत नसते. अर्ज मिळाल्यावर ३० दिवसांत अधिकाऱ्याने एनओसी दिली नाही किंवा नाकारल्याचे कळवले नाही, तर ती दिली असे मानले जाते. म्हणून अर्जाची पोच जपून ठेवणे महत्त्वाचे.

दुसरा टप्पा मालकी बदलाचा. गाडी दुसऱ्याकडून घेतली असेल तरच तो लागतो. नमुना २९ आणि ३० वर विकणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या असतात. दुसऱ्या राज्यात गाडी विकणाऱ्याने ४५ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. सह्या केलेले कोरे नमुने हातोहात फिरवण्याची पद्धत सर्रास आहे आणि पुढच्या बहुतेक भानगडींचे मूळ तिथेच असते.

तिसरा टप्पा इथल्या कार्यालयाचा. नमुना २७ वर नव्या नंबरसाठी अर्ज, एनओसी, आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा आणि महाराष्ट्राचा कर. हा कर नव्या गाडीइतका नसतो. गाडीचे वय वाढेल तसा तो कमी होत जातो. मूळ राज्यात भरलेल्या एकरकमी करातला न वापरलेला भाग त्या राज्याच्या नियमांप्रमाणे परत मागता येतो, पण अर्ज मालकानेच करायचा असतो. इथे नवी नोंदणी झाल्याचा पुरावा जोडून तो केला नाही, तर ती रक्कम तशीच राहते.

शेवटी प्रत्यक्ष तपासणी, नवा नंबर, उच्च सुरक्षा नंबर प्लेट, आणि विमा व फास्टॅगवर नव्या नंबरची नोंद. शेवटच्या दोन गोष्टी अनेक जण विसरतात. पॉलिसीवर जुना नंबर आणि पाटीवर नवा, अशी गाडी अपघातात सापडली की कागद जुळवण्यातच महिने जातात.

तपासणीत निरीक्षक काय पाहतो?

शोरूममधून घेतलेली नवी, पूर्ण बांधणीची गाडी आता नोंदणीसाठी आरटीओत न्यावी लागत नाही. बाहेरून आलेली किंवा बदल केलेली गाडी मात्र मोटार वाहन निरीक्षकासमोर उभी करावी लागते. त्याचे पहिले काम चासी आणि इंजिन क्रमांक जुळवणे. चासीवरचा क्रमांक कागदावर पेन्सिलने घासून उतरवला जातो आणि तो आरसीशी व ‘वाहन’ प्रणालीतील नोंदीशी पडताळला जातो. क्रमांकावर घासल्याची खूण, नव्याने ठोकलेला आकडा, वेल्डिंगचा जोड किंवा ताजा रंग दिसला की प्रकरण तिथेच थांबते.

त्यानंतर गाडीचा प्रकार, रंग, इंधन, आसनसंख्या, बॉडीचा प्रकार, दिवे, इंडिकेटर, आरसे, टायर, सीटबेल्ट आणि धूर हे आरसीतल्या वर्णनाशी ताडून पाहिले जाते. निरीक्षकाचा प्रश्न साधा असतो. कागदावर जी गाडी आहे, तीच समोर उभी आहे का? आरसीवर पाच आसने आणि आत आठ, आरसीवर पेट्रोल आणि डिकीत सीएनजीचा सिलिंडर, असा फरक निघाला की गाडी परत पाठवली जाते. म्हणून तपासणीला जाण्याआधी घरीच आरसी हातात घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारली, तर एक फेरी वाचते.

गाडीत केलेले बदल चालतात का?

कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा आरसीतला तपशील वेगळा होईल, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितले. केरळमधल्या त्या प्रकरणानंतर रुंद टायर, कापलेले छत, वाढवलेली बॉडी अशा हौशी बदलांना कायद्याचा आधार उरला नाही. मोटारीच्या पुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करण्यास केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना सांगितले होते. अशा गार्डमुळे पादचाऱ्याला जबर मार बसतो, शिवाय गाडीतल्या माणसांच्या सुरक्षेलाही धोका होतो.

परवानगी असलेले बदलही आहेत. मान्यताप्राप्त सीएनजी, एलपीजी किंवा इलेक्ट्रिक किट अधिकृत केंद्रातून बसवता येते. त्याच बनावटीचे इंजिन बदलता येते. अपंग व्यक्तीसाठी दुचाकीला बाजूची चाके लावणे किंवा मोटारीचे नियंत्रण हाताने चालेल असे करणे, यालाही कायद्याने मोकळीक दिली आहे. अट एकच आहे. बदलाला मंजुरी हवी आणि तो आरसीवर चढलेला हवा. सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाब चाचणी करावी लागते. वापीच्या एखाद्या गॅरेजमध्ये स्वस्तात बसवलेल्या किटला प्रमाणपत्रच नसेल, तर ते आरसीवर चढत नाही, आणि चाचणीचा प्रश्नही कोणी विचारत नाही. मग माणसे अशा सिलिंडरशेजारी बसून प्रवास करत राहतात.

मंजुरीविना बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सीट, सायलेन्सर आणि गार्ड असे तीन बदल असतील तर हिशेब तीन वेळा लागतो.

या भागातला सर्वांत गंभीर बदल म्हणजे व्हॅनमध्ये समोरासमोर बसवलेली बाकडी. पांढऱ्या पाटीच्या खासगी व्हॅनमधून पहाटे मजूर कारखान्यांत नेले जातात. तिथे नोंदणीचा आणि परवान्याचा असे दोन नियम मोडतात. पण मुख्य मुद्दा जिवाचा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच महामार्गावर, डहाणू तालुक्यातल्या चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. महागड्या, एअरबॅग असलेल्या मोटारीतही मागे बसलेले दोघे वाचले नाहीत आणि मागच्या सीटवरच्या बेल्टचा प्रश्न देशभर चर्चेला आला. लोखंडी पाइपवर फळी ठोकून बनवलेल्या बाकड्याला तर बेल्ट नसतोच, आणि धडक बसली की बाकडेही जागेवर राहत नाही.

घरी बनवलेल्या गाडीची नोंदणी होते का?

थेट उत्तर, नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक केले आणि त्याच वेळी ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या रोखली जाईल, हेही सांगितले. तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. कौतुक खरे होते, तसा नियमही खरा होता.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक नमुन्याची चाचणी मान्यताप्राप्त संस्थेकडून व्हावी लागते. पुण्यातील एआरएआय, पुण्याचीच सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या देशातल्या प्रमुख संस्था महाराष्ट्रातच आहेत. ब्रेक, दिवे, धूर, स्टिअरिंग अशा एकेका गोष्टीची तिथे परीक्षा होते. कंपन्यांना हा खर्च हजारो गाड्यांवर वाटता येतो. एकच गाडी बनवणाऱ्या माणसाला तो परवडत नाही, म्हणून घरगुती गाडी शेतात किंवा प्रदर्शनातच राहते.

हाच नियम ट्रॉलीवाल्यांना अडचणीत आणतो. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे. ट्रॅक्टरची नोंदणी झाली म्हणून मागच्या ट्रॉलीची होत नाही. गावात बांधून घेतलेल्या ट्रॉलीला ना चासी क्रमांक, ना प्रमाणपत्र, ना मागचे लाल दिवे. भाताच्या पेंढ्याने भरलेली अशी ट्रॉली संध्याकाळी महामार्गावर वळते, तेव्हा मागून येणाऱ्या दुचाकीला ती दिसतच नाही. ट्रॉली बांधून घेताना मान्यताप्राप्त नमुन्यावर काम करणाऱ्या आणि कागद देणाऱ्या कारखान्याकडेच जावे.

इलेक्ट्रिक स्कूटर घेतानाही सावध राहावे. मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र, असे असेल तरच नोंदणीतून सूट आहे. ‘लायसन्स नको, नंबर नको’ असे सांगून विकलेली स्कूटर चाळीसच्या वेगाने पळत असेल, तर ती नोंदणी नसलेली मोटारसायकलच आहे.

परदेशातून आणलेल्या आणि जुन्या गाड्यांचे काय?

परदेशी गाड्यांची प्रकरणे या दोन तालुक्यांत विरळाच, तरी नियम सांगण्यासारखे आहेत. भारतात गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे असावे लागते. वापरलेली मोटार आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, आणि आल्यावर तिची इथल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी करावी लागते. सीमाशुल्क भरल्याची कागदपत्रे नोंदणीच्या वेळी दाखवावी लागतात. शिवाय महाराष्ट्रात आयात मोटारीला २० टक्के वाहनकर आहे. परदेशी पर्यटक कार्नेवर तात्पुरती आणतात ती गाडी परत न्यावीच लागते. ‘स्वस्तात विकतो आहे’ म्हणून ती कोणी घेतली, तर तिची नोंदणी होणार नाही.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी आणि मोटारींसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणी आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरे. घोलवड-डहाणूच्या एखाद्या जुन्या वाडीत आजोबांची मोटार झाकून ठेवलेली असेल, तर तिला हा मार्ग खुला आहे. मात्र ती मेळावे, प्रदर्शन आणि देखभालीपुरतीच रस्त्यावर आणता येते. चिकूच्या पेट्या वाहायला नाही.

साध्या जुन्या गाडीचा हिशेबही बदलला आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला येते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरील गाड्यांचे हे शुल्क दुप्पट केले. मोटारसायकलला दोन हजार आणि मोटारीला दहा हजार रुपये. पलीकडून तीस हजारांत घेतलेली जुनी मोटार नूतनीकरण, कर आणि दुरुस्ती धरून किती रुपयांना पडते, हे आधीच मांडून पाहावे.

दंडापेक्षा मोठा धोका कोणता?

दंड भरून माणूस घरी येतो. अपघातानंतरची देणी मात्र वर्षानुवर्षे पाठ सोडत नाहीत. वैध नोंदणी नसलेल्या गाडीच्या नुकसानीचा किंवा चोरीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आणि पुन्हा ३० सप्टेंबर २०२१ रोजी हे मान्य केले. दुसऱ्या प्रकरणात तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली मोटार चोरीला गेली होती आणि मालकाला काहीच मिळाले नाही.

विकणाऱ्यालाही सुटका नाही. २०१८ च्या नवीन कुमार प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, गाडी विकली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक. म्हणजे भिलाडच्या माणसाने तीन वर्षांपूर्वी विकलेली गाडी डहाणूत कोणाला धडकली, तर भरपाईची नोटीस भिलाडला जाते. घेणाऱ्याच्या हातात गाडी आहे पण कागद नाही. विकणाऱ्याच्या नावावर कागद आहे पण गाडी नाही. आणि अपघातात पाय गमावलेला मजूर दोघांच्या मध्ये न्यायाधिकरणाच्या तारखा मोजत बसतो. ‘आधी विमा कंपनीने द्यावे, मग मालकाकडून वसूल करावे’ असे आदेश न्यायालये अनेकदा देतात. पण विमाच नसेल किंवा मालकाचा पत्ताच खोटा असेल, तर वसुली कोणाकडून करायची? बनावट पत्त्याची किंमत सर्वांत आधी रस्त्यावरचा तिसरा माणूस मोजतो.

जुनी गाडी घेण्यापूर्वी मोबाइलवर काय तपासावे?

एमपरिवहन अॅपवर किंवा परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर नंबर टाकला की गाडीचा प्रकार, इंधन, नोंदणीची तारीख, विम्याची व योग्यता प्रमाणपत्राची मुदत दिसते. कर्जाचा बोजा आहे का आणि ई-चलन थकले आहे का, हेही तिथेच पाहता येते. विकणाऱ्याच्या हातातले आरसी आणि पडद्यावरची माहिती यांत तफावत असेल, तर व्यवहार थांबवावा. चासी क्रमांक स्वतः पाहावा. पूर्ण रक्कम एकदम देऊ नये. एनओसी हातात येईपर्यंत काही भाग राखून ठेवणे हा या व्यवहारातला सर्वांत भरवशाचा विमा आहे. विकणाऱ्यानेही गाडी दिल्याची तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचे ओळखपत्र लेखी घेऊन ठेवावे, आणि नोंदीतून आपले नाव निघाले की नाही, हे महिन्याभराने पुन्हा अॅपवर तपासावे.

मग बदलायला काय हवे?

नियम मोडणाऱ्यांना झोडपणे सोपे आहे. पण तलासरीच्या टोकावरच्या पाड्यातून कागदांची फाइल घेऊन विरारच्या कार्यालयापर्यंत जायचे, तर एका दिवसाची मजुरी बुडते आणि कागद अपुरा निघाला तर दुसऱ्या दिवसाचीही. मूळ आरटीओ सिल्वासा किंवा वलसाडचे, नवे पालघर जिल्ह्याचे, आणि दोन्हीकडे अर्ज ऑनलाइन असला तरी गाडी व माणूस प्रत्यक्ष हवेच. अशा वेळी तीन-चार हजार घेऊन ‘सगळे करून देतो’ म्हणणारा एजंट हाच लोकांचा आरटीओ होतो, आणि पत्ता जुळवून देण्याचा सल्लाही तोच देतो.

म्हणून डहाणू आणि तलासरीत बाहेरच्या राज्यातल्या गाड्यांच्या तपासणीसाठी ठरलेल्या वारी, आधी जाहीर केलेल्या वेळापत्रकाने शिबिरे भरायला हवीत. लागणाऱ्या कागदांची एक पानी यादी तहसील कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत मराठीत लावता येईल. मूळ राज्याने परत करायचा कर आणि नव्या राज्याने घ्यायचा कर यांची वजाबाकी ‘वाहन’ प्रणालीतच होणे अवघड नाही. सगळ्या राज्यांच्या नोंदी एकाच ठिकाणी आहेत, फक्त पैसे आजही दोन खिडक्यांवर फिरतात. बीएच मालिकेचे दार सीमेवरच्या तालुक्यांतल्या, दुसऱ्या राज्यात रोज कामाला जाणाऱ्या माणसासाठी उघडले, तर खोट्या पत्त्यांचे निम्मे कारणच उरणार नाही.

दुसरीकडे, काही बाबतींत सवलत मागण्यात अर्थ नाही. बाकडे बसवलेल्या व्हॅनवर, दिव्याविना धावणाऱ्या ट्रॉलीवर आणि प्रमाणपत्र नसलेल्या सिलिंडरवर कारवाई व्हायलाच हवी, आणि ती फक्त चालकावर नको. अशा व्हॅनमधून मजूर आणवून घेणारा ठेकेदार आणि ते किट बसवून देणारा गॅरेजवाला यांच्यापर्यंत ती पोहोचली पाहिजे. कराचा दर कोणत्या राज्यात किती, यावर वाद घालता येईल. पण ब्रेक लागतो की नाही, हा प्रश्न आच्छाडच्या अलीकडे आणि पलीकडे सारखाच आहे, आणि तपासणी त्यासाठीच असते.